केझायाचं नाक

हर्किमर काउंटीत चीज करायच्या त्या बायकाच. पुरुषांनी गायी राखायच्या, दूध काढायचं आणि पानगळीच्या सुमारास व्यापारी आला की दाढी खाजवत त्याच्याशी बोलायचं. केझाया लॅम्फिअरनं तीस वर्षं रोज दुधात वासराच्या वाळवलेल्या जठराचं पाणी घातलं, त्यानं घट्ट झालेलं दूध कापलं, दगडाखाली दाबलं, आणि फळीवरची चीजची चाकं लोणी चोळून उलटसुलट केली. व्यापारी पोकळ सळई खुपसून नमुना काढी, हुंगे आणि न बोलता पुढच्या चाकाकडे वळे. त्याचं न बोलणं हीच शाबासकी.

पंचाईत व्हायची ती वसंतात. रानलसूण उगवली की गायी तिच्यावर तुटून पडत आणि दुधाला उग्र वास मारे. गावानं सोपा उपाय काढला होता: आपणही न्याहारीला रानलसूण खायची, म्हणजे कुणालाच काही कळत नाही. केझाया तेवढी तिला शिवत नसे. चीज करणारीचं नाक शाबूत हवं.

मग नाक्यावर चीजचा कारखाना निघाला. तीस घरांचं दूध, एक हौद. "आता बस की निवांत," नवरा ऑरिन म्हणाला. ती बसली, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तिनं स्वच्छ फळ्या पुन्हा घासल्या. चीज नाही, तर आपण आहोत तरी कोण, हे तिला कळेना.

मेमधल्या एका सकाळी ती ऑरिनच्या गाडीत चढून बसली. कारखान्याच्या ओट्यावर कॅन मांडले होते. तिनं नाक मुरडलं.

"टटलसाहेब, यात रानलसूण आहे."

चीज करणारे टटल चारपाच कॅनांवर वाकले. "छे! फुलासारखं दूध आहे."

"न्याहारीला काय घेतलंत?"

"अंडी. आणि... थोडी रानलसूण."

गाडीवाले खोखो हसले. टटल लाल झाले. "मग तुम्हीच शोधा, बाई!"

ती झाकणं उघडत गेली. अकरा कॅन ठीक होते. बाराव्यापाशी ती थांबली. कॅन तिच्याच घरचा होता. गप्प राहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण हौदातलं तीस घरांचं चीज नासलं असतं.

"हा."

"केझाया, अगं आपला आहे तो!"

"म्हणून काय अत्तर होणार आहे का त्याचं? गायी कुठे सोडल्यास?"

"रानाकडेला." ऑरिननं टोपी काढून पुन्हा घातली. "म्हटलं, तू आता चीज करत नाहीस..."

"मी करत नाही. हे करतात ना!"

ते दूध डुकरांच्या वाट्याला गेलं. टटल हात पुसत जवळ आले. "उद्या येणार का, बाई? वसंत सरेपर्यंत तरी?"

"मी ठेवीन तो कॅन ठेवायचा, परत पाठवीन तो परत. मधे बोलायचं नाही."

"कबूल."

दुसऱ्या दिवशी ती कडक इस्त्रीचा एप्रन बांधून ओट्यावर उभी राहिली. पहिल्याच गाडीतला कॅन तिनं परत पाठवला. तो पाद्रीसाहेबांचा होता.