तळेऱ्याचे कर्नल

प्लास्टिकवर कानस फिरवता फिरवता कर्नल मधेच हळू आवाजात विचारत, "दुखता काय रे?" आम्ही हसलो की त्यांच्या लक्षात यायचं, हातात वीतभर लांबीचा रणगाडा आहे, पेशंट नाही. आयुष्यभर लोकांचे दात काढले, त्यामुळे जिभेला लागलेली ती सवय. कर्नल हे नाव आम्ही ठेवलेलं. सैन्यात ते कधीच नव्हते. "माझी लढाई दाढांवांगडा," म्हणजे दाढांशी, असं तेच सांगायचे.

माझी त्यांची ओळखही दाढेमुळेच झाली. मी देवगडच्या शाळेत शिकवते. दाढ फार ठणकायला लागली म्हणून तळेऱ्याला त्यांच्या दवाखान्यात गेले, तर खुर्चीसमोरच्या काचेच्या कपाटात रणगाडे ओळीने उभे. भूल चढेपर्यंत मी त्यांच्याकडेच बघत होते. अर्धं तोंड बधिर झालेलं असताना विचारलं, हे कुठून आणले?

"हाडलंय नाय गो, केलंय," ते म्हणाले. "रविवारी ये. तुका दाखवतंय."

रविवारी दवाखाना बंद असायचा. औषधांच्या टेबलावर जुनी चादर अंथरायची, तिच्यावर सुटे भाग पसरायचे आणि चिकटवत, रंगवत बसायचं. मी, हार्डवेअरचं दुकान चालवणारे परब आणि कधीमधी कणकवलीहून येणारे एकदोघे, एवढाच आमचा कंपू. कर्नलांचं घर दवाखान्याच्या वरच. काकू वरून चहा आणि घावणे पाठवायच्या. दात कोरायची जुनी हत्यारं कर्नलांनी उकळून या कामाला घेतली होती. सांध्यात राहिलेली फट ते किडका दात भरावा तशी भरायचे आणि मग भिंगातून बराच वेळ बघत बसायचे.

नवाकोरा रणगाडा त्यांना बघवत नसे. रंगकाम झालं की अंगणातली तांबडी माती चाळून, गोंदात कालवून ते चाकांना लावायचे. परब एकदा म्हणाले, "डॉक्टर, ह्यो वाळवंटातलो रणगाडो. तांबडी माती खंयसून इली?"

"देवगडाक आंबे खावक गेल्लो," कर्नल मान वर न करता म्हणाले.

कॉलेजच्या सहलीत त्यांनी नगरला खरा रणगाडा पाहिला होता. उन्हात उभ्या असलेल्या त्या लोखंडाला हात लावला तर चटका बसला. ते म्हणायचे, "माका वाटला, जित्या जनावराच्या आंगाक हात लावलंय." त्यानंतर तो विषय त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

मग एका सकाळी, पेशंटच्या हिरडीत सुई घालण्याआधी, त्यांचा हात थरथरला. त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली, पेशंटला कणकवलीला पाठवलं आणि शटर ओढलं. पुन्हा दवाखाना उघडला नाही. कंपवाताचं निदान पुढे झालं. एका थरथरीवर एवढी चालती प्रॅक्टिस कोण बंद करतं, असं परबांनी विचारलं.

"डोळे मिटून तोंड उघडून बसता तो माणूस," कर्नल म्हणाले. "माझ्यावर विश्वास आसा म्हणान बसता."

रविवार मात्र चालू राहिले. पण हाताचं दुखणं वाढत गेलं. एकदा बारीक मशीनगन बसवताना हात उडाला, मशीनगन मोडली आणि रंगाची बाटली चादरीवर कलंडली. तुकडे शोधायला आम्ही टेबलाखाली वाकलो. वर आलो तेव्हा ते चिमटा पुसून डब्यात ठेवत होते. "तुमी करा. मी जरा आडवो पडतंय," म्हणाले आणि जिना चढून गेले. पुढचे कितीतरी रविवार ते खाली आलेच नाहीत. आम्ही खाली काम करायचो आणि छतावर त्यांच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या.

शेवटी परब वर गेले. "तुमी सांगा, आमी करतो," म्हणाले.

"मी काय रेडिओ आसंय?"

"दिवसभर माका सांगतास," काकू म्हणाल्या. "आता थोडा तेंका सांगा."

ते खाली आले. हात मांडीखाली दाबून बसायचे आणि सांगायचे. शिक्षक म्हणून फार कडक होते. परबांनी लावलेला रंग त्यांनी एकदा अख्खा खरवडून काढायला लावला. एके दिवशी माझ्या ब्रशचा फटकारा त्यांना पटेना, तेव्हा न राहवून त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांची थरथर माझ्या हातात उतरली आणि तोफेच्या घुमटावर वेडीवाकडी रेघ उमटली. त्यांनी हात सोडला.

"पुस ता," म्हणाले.

मी पुसलं नाही. त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही.

तो रणगाडा अर्धा झाला असतानाच त्यांना एकट्या काकूंच्या भरवशावर ठेवणं अशक्य झालं. लेक पुण्याहून गाडी घेऊन आली. आदल्या दिवशी कर्नलांनी काचेचं कपाट रिकामं करून सगळे रणगाडे आम्हाला वाटून टाकले. लेकीच्या घरात जागा नाही, एवढंच कारण सांगितलं. गाडी निघताना खिडकीत त्यांचा हात हलत होता. ते आमचा निरोप घेत होते की हात आपसूक हलत होता, हे कळलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला गेले. पुरा झालेला रणगाडा एका डब्यात, मांडीवर सांभाळून नेला होता. कर्नल अंथरुणाला खिळले होते, आवाज पार खोल गेला होता. काकूंनी रणगाडा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. ते खूप वेळ बघत राहिले. मला वाटलं, त्यांना ओळख पटत नाहीये.

"पट्टो ताठ झालो गो," ते म्हणाले. "तो लोखंडाचो आसता. आपल्याच वजनान मधी लवता."

चाकांवरून फिरणारा पट्टा मी दोरीसारखा ताणून चिकटवला होता. मी मान डोलावली.

"नीट कर," ते म्हणाले, "आणि परत घेवन ये."

दारापर्यंत काकू सोडायला आल्या. "म्हयनोभर ते इतक्या बोलूक नाय," म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

परत आल्यावर मी आणि परबांनी तो पट्टा चाकांवरून सोडवला. दोनदा तुटला. शेवटी नवा बसवला आणि वरच्या बाजूला, चाकांच्या मधे मधे, थोडा झोळ दिला. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याला न्यायचा असं ठरलं होतं. आंबे उतरायला लागले, एक पेटीही परबांनी सांगून ठेवली. सुट्टी लागायच्या आधीच काकूंचा फोन आला.

रणगाडा आता माझ्या घरी आहे. परब येतात, वाकून बघतात, आता बरोबर झालाय म्हणतात. झालाही असेल. पण पट्टा नेमका किती सैल हवा होता, ते विचारायचं राहून गेलं.