मागच्या सीटवरून फ्रान्स

कुवेतच्या जुलैत भर दुपारी पडदे ओढून घेतले की आमच्या एगैला भागातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये फ्रान्स सुरू व्हायचा. टीव्हीवर एक पांढरट कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना गहू, लांबवर चर्चचं टोक. आणि टीव्हीसमोर, स्टँडवर जखडलेल्या सायकलवर, घामाघूम झालेला माझा नवरा. बाहेर धुळीनं आभाळ पिवळं झालेलं असायचं. एसीची घरघर आणि चाकाची घरघर एकमेकांत मिसळून जायची आणि मी सोफ्यावर आडवी व्हायचे. झोप आणि जाग यांच्या मध्ये कुठंतरी तो रस्ता माझ्या अंगाखालून सरकायला लागायचा. कधी कधी त्याला आमचा सांगलीकडचा शाळेचा रस्ता येऊन मिळायचा आणि फ्रान्सच्या गव्हापलीकडं ऊस डोलायचा. मला ते फार आवडायचं. पण त्यांना कधी सांगितलं नाही; सांगितलं असतं तर डोक्यावर चढून बसले असते.

जागेपणी मी चेष्टाच करायचे. या प्रकाराला ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात आणि त्याला जाड टायरची वेगळी सायकल लागते, हे त्यांनी पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते.

"म्हणजे खडीवरून सायकल चालवायची?"

"हो."

"आणि त्यासाठी फ्रान्सला जायचं?"

"अगं, तिकडचे रस्ते म्हणजे..."

"आमच्या गावाला सगळे रस्ते तसलेच होते. वडिलांच्या सायकलवर हाफ पायडल मारत मी त्यावरून दळण आणलंय. तेव्हा कुणी व्हिडिओ काढला नाही."

ते दादरचे. सायकल शिकले तेच मुळी कुवेतला आल्यावर, चाळिशी उलटल्यावर, त्यामुळं उत्साह नुसता उतू जात होता. पण नुसतं बघण्यावर त्यांचं भागत नव्हतं. फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या कालव्याकाठच्या वाटा, द्राक्षमळ्यांमधले कच्चे रस्ते, शेतावरच्या गाडीवाटा असे तुकडे जोडून जोडून त्यांनी कॉम्प्युटरवर स्वतःचा एक मार्ग आखला होता. त्यातलं वळण न् वळण त्यांना पाठ. "इथं पाण्याचा नळ आहे बरं का," ते जेवणानंतर मला दाखवायचे, जसं काही तिथं त्यांची मावशी राहते. मुलीचं कॉलेज सुरू झालं की जाऊ, असं ठरलं होतं. मुलगी कॉलेजला गेली, आणि आमचं जाणं पुढच्या वर्षावर गेलं, मग त्याच्या पुढच्या.

आम्ही दोघंही कुवेत सिटीत नोकरीला; ते एका आयटी कंपनीत, मी बँकेत. गाडी तेच चालवायचे. एका संध्याकाळी घरी परतताना फहाहीलच्या हायवेवर उजवीकडून एक ट्रक आत आला आणि यांनी गाडी तसूभरही हलवली नाही. मी किंचाळले. आरशाचं टोक तेवढं गेलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि अगदी हळू म्हणाले, "मला तो दिसलाच नाही."

डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. समोरचं दिसत राहील, कडेचं हळूहळू जाईल, नळीतून बघितल्यासारखं होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती नळी किती अरुंद होईल आणि कधी बंद होईल, हे मात्र त्यांनाही सांगता येईना. गाडी चालवणं त्या दिवसापासून बंद. रस्त्यावर सायकल चालवणंही बंद.

मग गाडी मी चालवायला लागले आणि ते शेजारी बसून पायानं नसलेला ब्रेक दाबायला लागले. डोळ्यांबद्दल चकार शब्द नाही. एक दिवस मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर हॉल एकदम मोठा वाटला. सायकल स्टँडवरून काढून, पुसूनबिसून भिंतीला लावलेली, आणि हे तिचे फोटो काढत होते, विकायला.

माझं डोकंच फिरलं. "मला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? मला आता एकट्याला जाता येणार नाही."

"एकट्यानं जा म्हणून सांगितलं कुणी?"

"म्हणजे तू येणार?"

"तुमच्या आधीपासून सायकल चालवतेय मी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. हल्ली माझा चेहरा सापडायला त्यांना जरा मान हलवावी लागते. या माणसाला ते इतकं हवं होतं की मागायचीसुद्धा हिंमत होत नव्हती. ती शेतं, तो कालवा, सगळं यांनी पडद्यावरच पाहिलं होतं. खरं बघायच्या आधीच दिसायचं थांबलं तर? या भीतीनं मला त्यानंतर स्वस्थ बसू दिलं नाही.

दोघांनी एकामागं एक बसून चालवायची लांब सायकल त्यांच्याच एका सायकलमित्राकडं सापडली. रुमैथियातले वयस्कर कुवेती गृहस्थ. त्यांच्या गॅरेजात ती धूळ खात पडली होती. "मेरा बीवी एक बार बैठा," ते म्हणाले, "फिर कभी नहीं बैठा. तुम ले जाओ." मग चहा झाला, खजूर झाले, आणि सायकल आमच्या गाडीच्या टपावर चढली.

आमच्या बिल्डिंगच्या बाजूला एक मोकळा प्लॉट आहे. वाळू, खडे आणि लोकांनी कशाही लावलेल्या गाड्या. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी सगळं एगैला झोपलेलं असताना आम्ही तिथं उतरायचो. पुढं मी, मागं ते. पुढच्याकडं हँडल, ब्रेक, गिअर, सगळं काही. मागच्याकडं फक्त पायडल. जन्मभर गाडी हाकलेल्या माणसाला हे पचायला जड गेलं.

"डावीकडं घे, डावीकडं!"

"दिसतंय मला!"

"अगं, पुढं गाडी उभी आहे!"

"अहो, मागच्यानं तंगड्या हलवायच्या, तोंड नाही!"

ते मान वळवून बघायला गेले की सायकल झोकांडी खायची आणि आम्ही दोघंही वाळूत. मी ताकीदच दिली, मागं मान सरळ ठेवून गप्प बसायचं, इकडंतिकडं वळायचं नाही. बिल्डिंगचा राखणदार चहाचा कप घेऊन आमचा तमाशा बघत बसायचा.

हिवाळा आला तसं जमायला लागलं. एका सकाळी दाट धुकं पडलं होतं, समुद्राकडून आलेलं. गाड्या दिसेनात, इमारती दिसेनात, नुसता चाकाखाली खड्यांचा करकर आवाज. आम्ही कुठं आहोत ते कळायला काही मार्गच नव्हता. तेवढ्यात मागून आवाज आला, "आता उजवीकडं कालवा लागेल." मी उजवीकडं वळले. "आता चढ. छोटासाच आहे." मी गिअर बदलला. "हे द्राक्षमळे." असं करत करत त्यांनी मला त्या प्लॉटमध्ये गोल गोल फिरवून अर्धं बर्गंडी दाखवलं. ऊन वर येऊन धुकं विरलं तेव्हा आम्ही कचऱ्याच्या पेटीपाशी होतो. मला हसू येत होतं आणि रडूही.

जूनमध्ये आम्ही खरंच गेलो. दोघांची सायकल तिथंच भाड्यानं मिळाली. सगळं टीव्हीवर होतं तसंच होतं, फक्त त्याला वास होता, ओल्या गवताचा आणि शेणाचा. कुरणात पांढऱ्या गाई बसलेल्या, आमच्याकडच्या खिलारासारख्या, पण शिंगं अगदीच तोकडी. गव्हात मधूनमधून लाल फुलं. मी हरखून गेले होते. तोंड बंद होत नव्हतं माझं.

"ती टेकडी बघितलीत?"

"हं."

"आणि ती फुलं? केवढी लाल आहेत!"

"हं."

हे 'हं' मला चांगलं ओळखीचं आहे. माझ्या माहेरच्या गोष्टींना ते हेच देतात. मी ब्रेक दाबला आणि पाय खाली टेकले.

"खरं सांगा. दिसतंय का तुम्हाला?"

"दिसतंय की."

"काय दिसतंय?"

ते जरा घुटमळले. "तुझी पाठ," म्हणाले. "निळी आहे. मध्ये घामानं भिजलीय."

मला क्षणभर काही कळेना, आणि मग एकदम सगळं कळलं. त्यांची नजर आता सरळ रेषेत तेवढी जाते, आणि त्या रेषेत सकाळपासून मी बसले होते. मान वळवायला मीच बंदी केलेली. कुवेतच्या त्या प्लॉटमध्ये बघण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून हे तिथं दोघांच्याही लक्षात आलं नाही. इतक्या वर्षांचं स्वप्न, इतका लांबचा प्रवास, आणि मी त्यांना माझी पाठ दाखवत होते. मला त्यांचा राग आला, माझा त्याहून जास्त आला.

"मग बोलला का नाहीत?"

"चांगली चालवत होतीस," ते म्हणाले.

मी डोळे पुसले. त्यांना सीटवरच बसायला सांगितलं, खाली उतरले आणि ती लांबलचक सायकल ढकलत रस्त्यात आडवी केली. आता त्यांच्यासमोर अख्खा उतार होता. गहू, खाली कालवा, पलीकडं गाई, वर गावाची कौलं. त्यांनी एक पाय जमिनीवर टेकला आणि डाव्या टोकापासून बघायला सुरुवात केली. मान इतकी सावकाश फिरत होती की थांबलीय असं वाटावं. एकेक झाड, एकेक गाय त्या नळीत घेत, ठेवत, पुढं जात होते.

मागून ट्रॅक्टर आला. रस्ता अडलेला बघून त्यानं हॉर्न दिला. मला तिकडची भाषा येत नाही. कुवेतच्या रस्त्यावर सगळे करतात तशी मी पाचही बोटं जुळवली आणि हात वर धरला, जरा दम धर म्हणून. त्यानं पुन्हा हॉर्न दिला.

"झालं का हो बघून?" मी विचारलं.

"थांब," ते म्हणाले, मान तशीच सावकाश फिरवत. "अजून अर्धं राहिलंय."

मी हात खाली घेतला नाही.