हातातल्या चपला

मी लिहावं एवढा मी कुणी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि पत्रांपलीकडं कधी काही लिहिलेलं नाही. म्हणून आधीच माफी मागतो. पण हे सांगितलं नाही तर मी दुसऱ्यांदा गप्प बसलो असं होईल.

"हे म्युझियम आहे. तुमचा विहार नाय. बूट घाल आधी."

तो असं म्हणाला. मोठ्यानं. परदेशातल्या त्या कॉलेजात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातला, शिष्यवृत्तीवर गेलेला. तो शहरातला, औरंगपुऱ्यातला. घरचं कापडाचं मोठं दुकान, माझ्याच तालुक्यातल्या एका गावात जमीन आणि वाडा. तसा वाईट नव्हता. थंडी सुरू झाली तेव्हा त्यानं आपला जुना कोट मला दिला होता. त्या दिवशी माझ्या अंगात तोच कोट होता.

वर्गातले सहा जण आम्ही कलासंग्रहालय पाहायला गेलो होतो. चित्रं मला कळत नव्हती. सगळे मान हलवत होते, मीही हलवत होतो. मग एका दालनाच्या दारातून बुद्ध दिसला. फक्त डोकं. मान सरळ कापलेली. खाली लोखंडी दांडा.

मी थांबलो. हात आपोआप बुटाच्या नाड्यांकडं गेले. दाराशी बूट काढले, आत गेलो, हात जोडले. आमच्याकडं तथागतासमोर पायात घालून कुणी उभं राहत नाही. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा तो ते बोलला. मग बाकीच्यांकडं वळून इंग्रजीत समजावून सांगू लागला. यांच्या लोकांना सवयच असते. गावात आमच्या दारावरून जाताना हे चपला हातात घेऊनच जायचे. माहिती द्यावी तसं, हसत. एक मुलगी म्हणाली, "किती वेगळं!" बाकीचे हसले.

मी बूट घातले.

हे लिहिताना लाज वाटते. पण घातले. नाडीची गाठ बसेना.

कारण तो खोटं बोलला नव्हता. माझे वडील, आबा, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. पोती उचलायला जाताना वाटेत पाटलाचं दार लागायचं. दार आलं की आबा वाकायचे. चपला हातात. मी आठ वर्षांचा होतो. वैशाख होता. म्हणालो, "आबा, पाय भाजत्यात."

"गप चल."

तेवढंच.

संग्रहालयाच्या पायऱ्यांवर सगळे डबे उघडून बसले. मी उठलो आणि परत आत निघालो. तो मागून आला.

"अब क्या? सबके सामने इज्जत का फालुदा करेगा क्या यार?"

मी कोट काढून त्याच्या हातात दिला. म्हणालो, "तुमच्या दारापुढं काढायला लावलं तुम्ही. इथं मी काढतोय. हे दोन एक नाय."

तो कोट झटकून घडी घालत उभा राहिला.

मी पुन्हा दाराशी बूट काढले आणि त्या कापलेल्या मानेसमोर उभा राहिलो. बराच वेळ. तिथली पहारेकरी बाई जवळ आली. माझ्या पायांकडं पाहून म्हणाली, "फरशी गार आहे." आणि गेली.

त्या आठवड्यात आबांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. आधी बूट घातले, तेही लिहिलं. शेवटी लिहिलं, "सुट्टीत आलो की पाटलाच्या दारावरून मी बूट घालून जाणार. तुम्ही सोबत येऊ नका. पण मला अडवू नका."

उत्तर येत नव्हतं. आबा रागावले असतील, असं वाटलं. दीड महिन्यानं धाकट्या बहिणीचं पत्र आलं.

"दादा, तुझं पत्र आबांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. आबा दुसऱ्या दिवशी पाटलाच्या दारावरून चपला घालून गेले. धाकट्या पाटलानं विचारलं, 'काय रं, पाय लई नाजूक झाले व्हय?' आबा थांबले नाय. तवापासून पाटलाच्या सांगण्यावरनं मोंढ्यात त्यांना पोत्याला हात लावू देत नाय. आई रोज भांडती. काम नाय, तरी आबा रोज सकाळी त्याच वाटेनं मोंढ्यापर्यंत जात्यात आणि त्याच वाटेनं परत येत्यात. चपला घालून."