पिठाच्या डब्यामागची बाटली

तिला सगळी गल्ली तेलमावशी म्हणायची. निर्गुडीचा पाला तेलात कढवून ती गुडघेदुखीचं औषध करी. आणि बोलायला अशी पटाईत, की निम्मं दुखणं तिच्या गप्पांनीच पळावं.

सासूने शिकवलेली रीत साधी होती. मंद आच ठेवायची, पाल्याचा वास दरवळला की कढई खाली. तेल हिरवट, पातळ निघे. पण गिऱ्हाइकं नाकं मुरडत. "हे कसलं औषध, पाण्यासारखं?" मग मावशीने आच वाढवली आणि तेल काळंकुट्ट होईपर्यंत कढवू लागली. बाटल्या हातोहात खपल्या.

औषधशास्त्र शिकणाऱ्या लेकीने कपाळावर हात मारून घेतला. "आई, दुखणं कमी करणारं बरंचसं त्या वासातच असतं गं. तू ते सगळं खिडकीबाहेर घालवतेस."

"मग शेजाऱ्यांचे गुडघे फुकटात बरे होतील!" मावशी हसली खरी. पण स्वतःचा गुडघा धरला, तेव्हा तिने गुपचूप सासूच्या रीतीने वाटीभर तेल केलं आणि ती बाटली पिठाच्या डब्यामागे लपवली.

काळं तेल सगळ्यांत जास्त भक्तिभावाने चोळत त्या मोठ्या जाऊबाई. पायरीपायरीला कठडा धरून थांबत वर येत आणि चार बायकांना सांगत, "आमच्या धाकटीच्या हाताला गुण आहे." मावशीला मेल्याहून मेल्यासारखं होई. ताईंना हिरवं द्यावं, असं कितीदा मनात येई. पण द्यायचं तर काळ्याचं काय सांगायचं? तोंड उघडायचा धीरच होत नसे.

त्या दुपारी दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी गुडघ्याला हिरवं तेल चोळत होती आणि जाऊबाई आत आल्या.

"हे कुठलं गं?"

थाप मारायला मावशी कचरणारी नव्हती. पण जाऊबाईंना जिन्याने धाप लागली होती, गुडघा हाताने दाबून धरला होता.

"माझ्यापुरतं केलंय, ताई. याने आराम पडतो. काळ्याने नाही पडत. मला माहीत होतं."

जाऊबाई खुर्चीवर टेकल्या. "आणि मी म्हणत होते, माझाच विश्वास कुठेतरी कमी पडतोय."

यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मावशी खाली बसली, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि तेल चोळू लागली. लाजेने तिची मान वर होईना.

बऱ्याच वेळाने जाऊबाईंनी पाय जरासा हलवून पाहिला.

"अगं, खरंच हलकं वाटतंय की!" त्या म्हणाल्या.

मावशीने मान आणखीच खाली घातली.