धुळ्याच्या ऑर्गनला वीज आली तो नाताळ

खरं सांगते, त्या नाताळच्या सकाळी माझा विश्वास पार डळमळला होता. धुळ्यातल्या आमच्या चर्चचा जुना पाइप ऑर्गन मी वाजवत असे आणि मागच्या खोलीत माझे यजमान लाकडी दांडा दाबून त्याच्या भात्यात हवा भरत. आमचा संसारच तसा, नाव माझं आणि घाम त्यांचा! पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा दांड्याला हात लावायचा नाही. मग चर्चच्या मंडळीने हवा भरायला पंखा आणि तीन फेजची मोटार बसवली, भात्याचं उंदरांनी कुरतडलेलं कातडंही बदललं. नाताळच्या आदल्या दिवशी ऑर्गन असा घुमला की मी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

नाताळच्या पहाटे खांबावरच्या तारा तुटून वीज गेली. तारा जोडून झाल्या, वीज आली, मोटारही फिरू लागली. उपासना सुरू व्हायच्या बेतात मी पट्टी दाबली, तर आतून नुसती धाप! चर्च माणसांनी फुललेलं. यजमान उठले आणि मागच्या खोलीकडे निघाले. हा माणूस आता दांडा धरणार, हे मला कळून चुकलं. मी धावले. ते बाह्या सरसावतच होते.

"अहो, नको!"

"पहिल्या गीतापुरतं गं," ते म्हणाले.

मी दांड्यापुढे आडवी उभी राहिले. मनात एवढंच आलं, प्रभू, वाद्य तुझं, माणूसही तुझाच, मला काही सुचत नाही.

खोलीच्या दाराबाहेर, मागच्या ओसरीत मोटार बसवणारा आमचा वायरमन मोटारीपाशी डोकं धरून बसला होता. शेजारच्या नळावर एक बाई ओंजळीने पाणी पीत होती. एरंडोलकडची शेतकरी बाई, नाताळची सजावट बघायला आलेली. तोंड पुसत ती खुदकन हसली.

"अक्का, तुमनी मोटार उलटी फिरी राहिनी! खांबावर तारा जोड्यात ना? आमना मळामा बी अशेच व्हस. मोटार फिरस, पण पानी चढत नही. दोन वायरी बदली द्या."

वायरमनने कपाळावर हात मारला, वीज बंद करून दोन वायरींची अदलाबदल केली आणि ऑर्गन गरजला! खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मी आनंदाने इतकी वेडी झाले की पहिलं गीत भलत्याच घाईने वाजवलं.

नंतर त्या बाईला गर्दीत खूप शोधलं, सापडली नाही. तिला देवाने पाठवलं की तहानेने आणलं, यावर मी वाद घालत नाही.

यजमान पहिल्या बाकावर बसले होते. आजवर ते भिंतीआड असत, समोर बसून ऑर्गन त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. उपासना संपल्यावर ओल्या डोळ्यांनी म्हणाले, "अगं, असं वाजवतेस होय तू? मला तर नुसती दांड्याची करकर ऐकू यायची."

मी तिथेच रडले. आपले हात टेकले की देव पुढे होतो, हे उपदेशात पुष्कळ ऐकलं होतं, त्या सकाळी पाहिलं. यजमान पुढे बरीच वर्षं जगले. दर रविवारी पहिल्या बाकावर बसत आणि घरी आल्यावर मी कुठे कुठे चुकले ते ऐकवत. त्या टोमण्यांसकट प्रभूचे आभार मानते.