पुसलेली लस

पावसला मामाच्या घरी माझी बहीण देवीच्या रोगाने गेली. मी तिच्या उशाशी होतो. मला काही झाले नाही.

त्याआधी काही आठवडे रत्नागिरीत आमच्या अंगणात देवी काढणारा आला होता. त्याने दिव्यावर सुई तापवली, आम्हा दोघांच्या दंडावर वासरापासून काढलेली लस लावली आणि तिथेच ओरखडे काढले. जाताना आईला बजावले, “वैनी, आपोआप वाळू दे. पुसायचं नाही हो.”

तो अंगणाच्या बेड्याबाहेर, वाटेवर पडला तशी आईने ओल्या फडक्याने बहिणीचा दंड पुसून काढला.

“अगो, हे काय?” शेजारची काकू म्हणाली.

“मुलीच्या अंगाला वण नको. उद्या बघायला येतील ते काय म्हणतील?”

“दंड बघायला येतील की मुलगी?”

“हसा तुम्ही! ह्याचं राहू दे. ह्याला कोण बघतंय?”

माझ्या दंडावर फोड उठले, ताप आला. आईने घरात फोडणी बंद केली, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला. टोचून आणलेली असली तरी देवीच ती. बहीण जवळ बसून माझ्या फोडांवर फुंकर घाली आणि रुसून विचारी, “दादा, माझी का नाय रे उठली?”

आठवड्याने तो माणूस पुन्हा आला. तिचा दंड पाहून म्हणाला, “हिची उठली नाही. परत काढायला हवी.”

“आंब्यांना माहेरी जाऊन येते, मग बघू,” आई म्हणाली.

आम्ही पावसला असतानाच वाडीत साथ आली. बहिणीला वारा घालायला मी बसत असे. देवीने मला सोडले, असे आई पुढे सर्वांना सांगे.

हायस्कुलात गेल्यावर एका पुस्तकात वाचले, की लशीने येणारे दुखणे सौम्य असते. त्याच्याशी झगडताना शरीर खऱ्या देवीला तोंड द्यायला शिकते, आणि ते शिकलेले पुष्कळ वर्षे विसरत नाही. माझा ताप म्हणजे ते शिकणे होते. तिच्या शरीराला ते शिकायला मिळालेच नाही. आईला मी हे कधी सांगितले नाही. त्या दिवशी पुस्तक मिटून मी माझ्याच दंडावर फुंकर घालून पाहिली. तिच्या फुंकरीसारखी ती लागली नाही.

आता आईही नाही. माझ्या डाव्या दंडावर दोन वण आहेत.