गालातला आवळा

२००६ साल. मी तेव्हा बावन्न वर्षांचा. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, पोराला नाही. तुम्हालाच का सांगतोय? कुणास ठाऊक. सांगू द्या.

माझी बीडी सुटली होती. मिसरूड फुटायच्या आधीपासूनची बीडी — सुटली. काय बळ आलं होतं अंगात त्या दिवसांत. कारखान्यातल्या क्रेनची शिडी एका दमात चढायचो, खालची पोरं बघत राहायची. क्वार्टरमध्ये फोडणी पडली की लसूण आहे की हिंग, ते व्हरांड्यातून ओळखायचो.

पण सुटली कशी? इथेच अडतं माझं. कोलार रोडला तंबाखू सोडवणारा एक दवाखाना होता. सोय टाऊनशिपच्या हॉस्पिटलातही होती, पण तिथल्या रांगेत सगळे ओळखीचे. आणि मी — चौथी शिकलेला, पण साहेबापुढेही मान न वाकवणारा दामू — त्या रांगेत बसणार? म्हणून कोलार. घरी सांगायचो, करोंदच्या मंडीत गहू आणायला चाललो. एक भोपाळच्या या टोकाला, दुसरं त्या. मग येताना कुठून तरी गहू आणणं आलंच. बायको म्हणायची, "अहो, घरात माणसं तीन. भंडारा घालायचाय का?"

दवाखान्यातल्या बाईंनी निकोटिनचं च्युइंगम दिलं. हळू चावायचं, जिभेला चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचं. फारच तलफ आली तर त्यांना फोन करायचा. मी केला. एकदा फोनवर रडलोसुद्धा — हे लिहिताना हात थांबतोय.

गणपतीत मंडळाने माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, वर माइक. पहिल्या रांगेत वानखेडे — माझ्याच मशीनवरचा, अमरावतीकडचा, माझ्याहून जास्त ओढणारा. आदल्याच दिवशी त्याने विचारलं होतं, "दामू, खोकला झोपू देत नाही यार. बीडी सोडवायला डॉक्टर मदत करतात म्हणे. जाऊ का?"

आणि मी काय केलं? सगळी वसाहत माझ्याकडे बघत होती, छाती अशी फुगलेली. माइकवर म्हणालो, "मनात आणलं अन् सोडली. ज्याला दवाखाना लागतो त्याने बांगड्या भराव्यात. काय वानखेडे?"

टाळ्या, शिट्ट्या. वानखेडेही हसला — खाली बघून.

तो दवाखान्यात कधीच गेला नाही. कितीदा सोडली, कितीदा धरली. आता बाग सेवनियाला मुलाकडे असतो, नाकाला ऑक्सिजनची नळी. दोन शब्द बोलतो, थांबतो. परवा गेलो तर म्हणाला, "तुझ्यासारखं मन — नव्हतं रे माझं." तेव्हा तरी तोंड उघडता आलं नसतं का? नाही उघडलं.

आणि खरं ते अजून राहिलंच. सत्काराची दुसरी सकाळ. कारखान्याच्या गेटवर वानखेडे सायकल धरून माझी वाट बघत उभा. डोळे चमकत होते.

"काल आरतीपासून एकही नाही, दामू. तू बोलला ना, लागलं यार." मग माझ्या गालाकडे बघून, "काय चघळतोस?"

"आवळा."

"मलाही दे ना थोडा. तोंड कसंसंच होतंय."

"संपला," मी म्हणालो. वरच्या खिशात च्युइंगमची अख्खी पट्टी होती. मी खिशावर हात ठेवला आणि गेटातून आत गेलो.